तुळजाबाईंची आतली काच

चीक निम्मा शिजला होता. गहू तीन दिवस भिजवलेले, वाटून गाळून रात्रभर ठेवलेले, आणि आता चुलीवरच्या पातेल्यात पांढरा चीक हळूहळू काचेसारखा व्हायला लागला होता. कुरड्यांचा चीक असा की एकदा हाटायला घेतला की हात थांबवायचा नाही. थांबलं की गाठी झाल्याच म्हणून समजा. तुळजाबाई पदर खोचून दोन्ही हातांनी लाटणं फिरवत होत्या. सून बेबीनंदा गच्चीवर जुनं लुगडं अंथरून, चार कोपऱ्यांना चार दगड ठेवून खाली आली, ती निरोप घेऊनच.

"आत्याबाई, मामंजींनी बलावलंय. औरंगाबादचा इंजिनिअर आलाय. काका म्हणून राह्यले, सही जल्दी पाहिजे."

"सहीला चिकाची घाई नसती," तुळजाबाई म्हणाल्या. "धर हे लाटणं. एकाच अंगानं फिरव. मीठ पडलंय, परत टाकू नको."

हात धुऊन, कपाळावरचा घाम पुसून त्या निघाल्या. हनुमान जयंतीचा दुसरा दिवस, सन दोन हजार चार. सकाळचे नऊ वाजले नव्हते आणि वडीगोद्रीच्या हायवेवरचं डांबर आत्ताच मऊ पडलं होतं.

घराच्या पुढच्या अंगाला, रस्त्याला तोंड करून, नवी इमारत उभी होती. खांब झाले होते, दोन स्लॅब पडले होते, मागच्या, बाजूच्या आणि आतल्या मधल्या खोलीच्या भिंती झाल्या होत्या. फक्त रस्त्याकडची बाजू मोकळी होती. ती पश्चिमेची बाजू. त्या बाजूला काय करायचं यावर घरात महिनाभर बोलणं चाललं होतं. म्हणजे बोलत होते ते धाकटे दीर काकासाहेब. बाकीचे ऐकत होते.

तुळजाबाई माहेरच्या भोकरदन तालुक्यातल्या, पिंपळगाव रेणुकाईच्या. एक्क्याऐंशी साली लग्न होऊन वडीगोद्रीला आल्या, तेव्हा सासरी शेती होती आणि हायवेला एक पत्र्याची टपरी. मालक रामकिसन टपरीत खतं आणि बियाणं विकायचे. रामकिसन म्हणजे मोजून चार शब्द बोलणारा माणूस. गिऱ्हाईक विचारायचं, 'हे बी कसं आहे?' तर ते म्हणायचे, 'बरं आहे.' एवढ्यावर बियाणं खपत नसतं. मग पोराला पोटाशी घेऊन तुळजाबाई टपरीत बसायला लागल्या. सातवीपर्यंत शिकलेल्या, अक्षर वळणदार, आणि बोलायला कुणाला भ्यायच्या नाहीत. चार वर्षांत टपरीचं दुकान झालं. रस्त्यालगतचा प्लॉट घेतला, तो कुणा वकिलानं सांगितलं म्हणून बाईच्या नावावर घेतला. तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं की हे नाव पुढं कधी आडवं येईल.

दुकानाची एक रीत होती. अक्षय तृतीयेला खरिपाच्या नव्या पोत्यांची थप्पी दुकानापुढच्या ओट्यावर लावायची, हळदीकुंकू वाहायचं, नारळ फोडायचा, आणि मृग निघेपर्यंत ती थप्पी मोडायची नाही. पूजेची थप्पी म्हणजे देवीची थप्पी. ही रीत सासूबाईंची, पण ती कडक पाळली तुळजाबाईंनीच.

चौऱ्याण्णव साली त्या थप्पीत सोयाबीन होतं. सोयाबीन आपल्या भागात नवंनवं होतं, त्याचा स्वभाव कुणाला ठाऊक नव्हता. रामकिसन एकदा म्हणाले होते, "ऊन लागून राह्यलं. आत घेऊ का?" तुळजाबाईंनी साफ सांगितलं, "पूजेची आहे. हात लावायचा न्हाई." तीन-चार आठवडे वैशाखाचं ऊन त्या पोत्यांनी खाल्लं. येणारे-जाणारे बघायचे, काय माल भरलाय म्हणायचे. मृगात तीच पोती विकली गेली.

आठ दिवसांनी कारभारी आला. हा शेजारच्या शिवारातला शेतकरी, दुकानाचं पहिल्या दिवसापासूनचं गिऱ्हाईक. तो भांडायला आला असता तर बरं झालं असतं. त्यानं मूठ उघडली. मुठीत ओली माती आणि त्यात फुगून कुजलेले सात-आठ दाणे. म्हणाला, "अक्का, पूजा केल्ती ना?"

एवढंच. त्या वर्षी त्याला दुबार पेरणी करावी लागली, आणि दुबार पेरलेलं कधी भरून येत नाही.

तुळजाबाई त्या मंगळवारी देवीपुढं बसल्या, पण ओठांवर नेहमीची आरती आली नाही. देवीनं बी दिलं होतं, ते आपण देवीच्याच नावानं भाजलं, हे त्यांना कळून चुकलं होतं. त्या दिवसापासून त्यांनी थप्पीची रीत बंद केली आणि दुसरी सुरू केली. दर उन्हाळ्यात विकायच्या आधी प्रत्येक मालातले शंभर दाणे ओल्या गोणपाटात ओळीनं मांडायचे, गुंडाळी करून देवघराच्या कोपऱ्यात ठेवायची, सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं आणि पाच-सहा दिवसांनी कोंब मोजायचे. आलेला आकडा दुकानाच्या दारावरच्या पाटीवर खडूनं लिहायचा. सोयाबीन, शंभरात ब्याऐंशी. तूर, शंभरात नव्वद. जे आलं ते. सत्तरच्या खालचा माल विकायचाच नाही.

हायवेवरचे बाकीचे दुकानदार हसले. "अक्का स्वतःच्या दुकानाचा निकाल लावून राह्यल्या," म्हणाले. पण हळूहळू लोक आधी पाटी वाचायला यायचे आणि मग पिशवी घ्यायचे. अंबडपासून माणसं यायची.

तर अशा या तुळजाबाई चीक सोडून इमारतीपाशी आल्या तेव्हा काकासाहेब वाळूच्या ढिगावर उभे होते. पांढरे कपडे, खिशाला दोन पेनं. यंदा त्यांना निवडणुकीला उभं राहायचं होतं आणि इमारतीचं तोंड त्यांना आपल्या तोंडासारखंच चकचकीत पाहिजे होतं. शेजारी इंजिनिअर केशव, तिशीतला, चष्मेवाला, हातात दोन जाड फायली.

"काकू, नमस्कार. दोन पद्धती आहेत," केशवनं पहिली फाइल उघडली. "ही बाहेरची काच. दर्शनी भाग खालपासून वरपर्यंत काचेचा. ॲल्युमिनियमचा सांगाडा स्लॅबला धरायचा आणि त्यात निळी आरशाची काच बसवायची. बाहेरून आतलं दिसत नाही, रस्ता मात्र त्यात दिसतो. औरंगाबादला आता सगळीकडे हेच."

"आणि दुसरी?"

"दुसरी आतली. बाहेर साधी विटांची भिंत आणि आतमध्ये खोल्या पाडायला काचेच्या भिंती. ती साधी पारदर्शक काच. दोन्ही एकदम बजेटात बसत नाहीत."

"फरक काय दोन्हीत? काच ती काचच ना?"

केशवला हा प्रश्न आवडला असावा. फाइल मिटून तो म्हणाला, "बाहेरच्या काचेला ऊन, वारा, पाऊस तिन्ही झेलावं लागतं. त्यामुळं तिचा सांगाडा जाड, सांधे घट्ट, सगळं बंद. आतल्या काचेला फक्त माणसाची नजर झेलायची असते. ती हलकी, पाहिजे तर काढून दुसरीकडं लावता येते."

"सगळं बंद म्हणजे खिडकी उघडत न्हाई?"

"एखाद-दुसरी उघडते. एसी लागतो."

"अन् लाईट गेल्यावर?"

केशव फाइलीची पानं उलटायला लागला. त्या वर्षी दिवसाला आठ-आठ घंटे लाईट जायची.

काकासाहेब पुढं झाले. "वहिनी, जनरेटर बसवू. तुम्ही सही करा. मी लोकांना सांगून बसलोय. वरच्या मजल्यावाला भाडेकरू काच बघूनच हो म्हणलाय."

"भाऊजी, ह्या तोंडाला बियाणं राहणार आहे. दुपारी बारापास्नं दिवस मावळेपर्यंत ऊन ह्या बाजूलाच असतं."

"मंग?"

"मंग बाहेर विटाची जाड भिंत पाहिजे, पुढं रुंद व्हरांडा पाहिजे. अन् काच आत. गिऱ्हाईक उभं राहतं तिथं अन् गोदामाच्या मध्ये. शेतकऱ्याला दिसलं पाहिजे पोतं कुठून काढलं, कोणतं काढलं. पण ऊन, धूळ अन् चार जणांचे हात तिथं जायला नको."

काकासाहेब मोठ्यानं हसले. गवंडीही हसले. "वहिनी, काच दाखवायसाठी असते. आत लावून कुणाला दाखवता? उंदराला?"

"ज्याचं शेत पेरायचंय त्याला."

"दादा, तुम्ही सांगा की कायतरी," काकासाहेब रामकिसनकडं वळले. रामकिसन खांबाला टेकून उभे होते. त्यांनी बायकोकडं पाहिलं, भावाकडं पाहिलं आणि म्हणाले, "बघा तुम्ही."

"त्यांना काय विचारता," तुळजाबाई म्हणाल्या. "सही माझी लागती ना? मी बिलकुल न्हाई करणार. उगी न्हाई म्हणत न्हाई, दाखवून न्हाई म्हणते. अक्षय तृतीयेपर्यंत थांबा. केशवराव, ती निळी काच नमुन्याला आणलीय न्हाई का?"

टेंपोत चार बाय सहाची एक काच होती, रंग दाखवायला आणलेली.

"ती मला द्या."

इमारतीच्या पश्चिम अंगाला सिमेंट ठेवायची लहान खोली होती. तुळजाबाईंनी तिचं दार काढायला लावलं, दाराच्या जागी ती काच उभी केली आणि कडेच्या फटी चिखलानं बुजवून घेतल्या. आत सोयाबीनचं एक पोतं. तसंच दुसरं, त्याच मालातलं, त्याच शिक्क्याचं, इमारतीच्या मधल्या खोलीत दोन भिंतींच्या आड. दोन्ही पोत्यांची तोंडं काकासाहेबांच्याच हातानं शिवून घेतली, म्हणजे पुढं कुणी म्हणायला नको की बाईनं आत काही केलं. केशवनं आपण होऊन दोन तापमापक टांगले. त्यालाही आता बघायचं होतं.

त्या काचेनं वडीगोद्रीला दहा दिवस करमणूक झाली. आरशासारखी काच, त्यामुळं एसटीची वाट बघणारी माणसं तिच्यापुढं उभी राहून टोप्या नीट करायची. शाळेतल्या पोरी वेण्या बघून जायच्या. काकासाहेब खुशीत. "बघा, एवढ्याशा तुकड्यापुढं एवढी गर्दी. सगळी इमारत झाल्यावर?"

पण चौथ्या दिवशी समोरच्या चहावाल्या उषाबाई रस्ता ओलांडून आल्या त्या कमरेवर हात ठेवूनच. "काकासाहेब, तुमची ती काच तोंड फिरवा. दुपारी चार वाजता माझ्या हाटेलात दुसरा सूर्य उगवून राह्यला. गिऱ्हाईक डोळ्यावर हात धरून चहा पिऊन राह्यलंय."

"उषाबाई, उलट उजेड फुकट मिळून राह्यला तुम्हाला."

"उजेड तुम्हालाच ठेवा. माझं दूध नासलं."

तुळजाबाई त्या वेळी गच्चीवरून वाळलेल्या कुरड्या काढत होत्या. त्या वरूनच म्हणाल्या, "एवढ्याशा तुकड्यानं दूध नासलं भाऊजी. दोन मजल्यांनी काय काय नासंल?"

काकासाहेबांनी वर पाहिलं नाही. पण संध्याकाळी घरी येऊन रामकिसनपाशी बसले आणि बराच वेळ खालच्या आवाजात बोलले. तुळजाबाईंना स्वयंपाकघरात काही ऐकू आलं, काही नाही. 'वहिनीला घरात एवढं मोठं केलं तुम्ही' हे ऐकू आलं. 'लोक हसून राह्यले' हेही ऐकू आलं. जेवताना रामकिसन हळूच म्हणाले, "त्याचं मन राखलं असतं तर?"

"कशानं राखू? बियाणं भाजून?"

"तसं न्हाई."

"मंग कसं? आवो, ते एकदा झालंय आपल्या हातनं. तेव्हा मला समजलं नव्हतं. आता समजून-उमजून करायचं, तर मंगळवारी कोणत्या तोंडानं बसू तिच्यापुढं?"

रामकिसन पाणी पिऊन उठले. ताटातली भाकरी मात्र त्यांनी पुरी केली नाही.

दहाव्या दिवशी दुपारी तीन वाजता केशव आला आणि दोन्ही तापमापक बघून त्यानं वहीत आकडे लिहिले. काचेच्या मागं बावन्न. मधल्या खोलीत छत्तीस. त्यानं चष्मा पुसला, परत बघितलं. "काकू, पुस्तकात काच किती ऊन अडवते हे लिहिलेलं असतं," तो म्हणाला. "बंद खोलीत साचलेलं ऊन कुठून बाहेर जातं, हे मी कधी मोजलं नव्हतं."

दोन्ही पोती चौघांदेखत उसवली. प्रत्येकातले शंभर-शंभर दाणे काढले. गोणपाट भिजवलं, ओळी मांडल्या, गुंडाळ्या केल्या. काचेवाल्या गुंडाळीला लाल चिंधी, आतल्या गुंडाळीला पांढरी. दोन्ही देवघराच्या कोपऱ्यात.

"देवाजवळ ठेवल्यावर कोणतंबी उगवंल," काकासाहेब म्हणाले.

"दोन्ही देवाजवळच आहेत," तुळजाबाई म्हणाल्या. "देवी काय लाल-पांढरं बघून कोंब देती का?"

पुढचे पाच दिवस त्यांनी दोन्ही वेळा पाणी शिंपडलं, एका गुंडाळीला जेवढं तेवढंच दुसऱ्या गुंडाळीला. उघडून मात्र पाहिलं नाही. बेबीनंदाला राहवेना. "आत्याबाई, जरासं टोक उचलून बघू का?" "न्हाई." "कुणी बघत न्हाई." "मी बघून राह्यले ना."

अक्षय तृतीयेच्या सकाळी आधी पितरांना आमरसाचा नैवेद्य दाखवला, मग जुन्या दुकानाच्या ओट्यावर चटई टाकली. काकासाहेब दोन-चार माणसं घेऊन आले होते. केशव कराराचा कागद आणि पेन घेऊन आला होता. उषाबाई समोरूनच, कपबशा विसळत बघत होत्या. मोजायला कारभाऱ्याला बसवलं. म्हातारा झाला होता आता, पण बोटं चांगली चालत होती.

लाल चिंधीची गुंडाळी उघडली. दाणे पिवळट, फुगलेले, बरेचसे बुळबुळीत. मधूनच एखादा कोंब. कारभारी एकेक कोंब उचलून बाजूला ठेवत गेला. "एकोणीस," तो म्हणाला.

लोकांत कुजबूज झाली. काकासाहेबांनी मान दुसरीकडं वळवली.

मग पांढऱ्या चिंधीची. तुळजाबाई निवांत होत्या. गेल्या वर्षी याच कंपनीचा माल त्र्याऐंशी निघाला होता. कारभारी मोजत गेला. चाळीस झाले. पन्नास झाले. कोंबांची रांग लांबत गेली आणि मग थांबली. उरलेले दाणे त्यानं बोटानं दाबून पाहिले, काळे पडले होते. त्यानं परत मोजलं.

"अक्का, एकसष्ट."

तुळजाबाईंना वाटलं ऐकण्यात चूक झाली. त्यांनी स्वतः बसून मोजलं. एकसष्टच. सावलीत ठेवलेलं, दोन भिंतींच्या आड, कुणाचा हात न लागलेलं, तरी एकसष्ट. म्हणजे माल मुळातच हलका आला होता. आणि यंदाचं सगळं सोयाबीन याच मालातलं होतं, मागच्या गोदामात थप्प्या लावून ठेवलेलं. मृगाला दीड महिना उरला होता.

काकासाहेबांना बोलायला जागा मिळाली. "बघा! सावलीतलंबी नापासच. मंग काचेवर कशाला खापर?"

"काचेनं बेचाळीस खाल्ले," तुळजाबाई म्हणाल्या. "बाकीचे कंपनीनं. ज्याचं त्याच्या पदरात घाला." पण आवाज जरा बसला होता, आणि तो बसलेला सगळ्यांना कळला.

काकासाहेब राजकारणातला माणूस. त्यांनी क्षणात ओळखलं की वारा कुठून वाहतोय. त्यांनी बरोबरच्या माणसांना चहाला पाठवलं, कारभाऱ्याला म्हणाले, "तुम्हीबी घ्या चहा," आणि वहिनींना दुकानाच्या आत घेऊन गेले. केशव दारात अडकल्यासारखा उभा राहिला. रामकिसन गल्ल्याच्या खुर्चीवर होते.

"वहिनी, ऐका. तुमचं खरं. बाहेरची काच न्हाई लावायची. मी लोकांना सांगीन, विचार बदलला. आतली लावा, पाहिजे तेवढी लावा. सही करा त्याच्यावर. फक्त तो एकसष्ट पाटीवर लिहू नका. चौघांनाच माहीत आहे. चौघांचं तोंड मी बघतो. सत्तर लिहा, पंचाहत्तर लिहा. शेतकरी दाणा जरा दाट टाकंल, निघून जाईल सगळं."

तुळजाबाई ऐकत होत्या. पंधरा दिवस ज्यासाठी भांडल्या ते हातात आलं होतं. नुसतं गप्प राहायचं होतं. पाटी कोरी ठेवली तरी चाललं असतं, खोटं लिहायचीही गरज नव्हती. पेरणीच्या तोंडावर सगळा माल परत गेला आणि दुसरा मिळाला नाही, तर या हंगामात दुकानात सोयाबीनचा दाणा नसणार. नवी इमारत उभी, आणि दुकान रिकामं. काकासाहेब म्हणाले ते काही वेड्यासारखं नव्हतं.

बाहेर ओट्यावर कारभारी अजून बसूनच होता. चहाला गेला नव्हता. कोंब आलेले दाणे तो गोळा करत होता, एकेक, जणू टाकवत नव्हते.

"भाऊजी," तुळजाबाई म्हणाल्या, "आत काच कशाला लावायची मग?"

"म्हणजे?"

"शेतकऱ्याला दिसावं म्हणून मी आतली काच मागून राह्यले. अन् तुम्ही म्हणता, काच लावा पण त्याच्या मागं काय आहे ते सांगू नका. त्यापरीस तुमची निळी बरी. ती सरळ सांगती, आतलं दिसणार न्हाई."

"वहिनी, हंगाम जाईल!"

"जाऊ द्या. एक हंगाम गेला तर दुकान मरत न्हाई. कारभाऱ्याचं वरीस गेल्तं, ते कुणी भरून दिलं?"

"तुम्हाला घराचं काही न्हाई पडलेलं. हट्ट पडलाय."

"हट्ट म्हणा. काहीबी म्हणा. माझ्या नावाच्या जागेत माझ्या देवीपुढं मोजलेला आकडा मी बदलणार न्हाई." त्यांनी पाटी खिळ्यावरून काढली. खडू शोधायला लागल्या, तो सापडेना. ओच्यात नव्हता, फळीवर नव्हता. काकासाहेब दारात आडवे उभे होते.

तेव्हा रामकिसन खुर्चीवरून उठले. गल्ल्याच्या खणातून खडू काढला, बायकोच्या हातात दिला, आणि भावाच्या खांद्याला हात लावून त्याला दारातून बाजूला केलं.

"लिही," ते म्हणाले.

तुळजाबाईंनी लिहिलं. सोयाबीन, शंभरात एकसष्ट. खाली एक ओळ वाढवली: विकायचं नाही. पाटी बाहेर नेऊन टांगली. चहा पिऊन परतलेल्या माणसांनी वाचली. उषाबाई हात पुसत रस्ता ओलांडून आल्या, त्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून कारभाऱ्यानं वाचून दाखवली. काकासाहेब मोटारसायकलला किक मारून निघून गेले. त्यानंतर दोन महिने ते भावाच्या घरी जेवले नाहीत, आणि वरच्या मजल्याचा तो भाडेकरूही आला नाही. दुसरा यायला दिवाळी उजाडली. हे सगळं सोसावं लागलं, ते काही गोड नव्हतं.

केशव अजून दारातच होता. त्यानं करार पुढं केला. त्यात बाहेरच्या काचेचं पान वर होतं. तुळजाबाईंनी त्या पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ मारली आणि खालच्या, आतल्या काचेच्या पानावर सही केली, पूर्ण नाव, वळणदार.

"काकू, एक सांगू?" केशव म्हणाला. "आतली काच जमिनीपासून छतापर्यंत नको. खाली दोन फूट विटा घेऊ. पोती ढकलताना कोपरे लागतात. आणि गोदामाच्या बाजूला वर झरोके ठेवू, हवा फिरेल."

"हे त्या फायलीत होतं?"

"नाही. हे आत्ताच सुचलं."

"मंग बराबर आहे. तसंच करा."

ती काच ज्येष्ठात बसली. पुढं रुंद व्हरांडा, जाड विटांची भिंत, आणि आत गेल्यावर काच. काचेपलीकडं लाकडी फळ्यांवर पोती, प्रत्येक थप्पीवर तिचा आकडा. पहिले काही दिवस माणसं काचेला नाक लावून बघायची आणि तुळजाबाई संध्याकाळी ओल्या फडक्यानं नाकांचे ठसे पुसायच्या. त्या हंगामात सोयाबीनच्या फळ्या रिकाम्या होत्या. लोक रिकाम्या फळ्याही बघून जायचे, आणि तूर घेऊन जायचे.

पण हे पुढचं. अक्षय तृतीयेच्या त्या दुपारी सही झाल्यावर तुळजाबाईंनी दोन्ही गुंडाळ्यांतले दाणे एका ताटात काढले, ओटा झाडला आणि रामकिसनला टेंपोवाल्याकडं पाठवलं. गोदामात माल ठेवून दिवस काढायचे नव्हते. कंपनीचं कार्यालय सकाळी दहाला उघडतं, साहेब अकरापर्यंत जागेवर असतो, नंतर सापडत नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी सातला टेंपोच्या पुढच्या सीटवर बसून त्यांना जालन्याला जायचं होतं, एकसष्टचं सगळं सोयाबीन कंपनीच्या गोदामात उतरवायला.